पाण्यातलं वारं

१२ फेब्रुवारी १९७९
नळाला पुन्हा वास. कुसुमने चहात आलं ठेचून घातलं, तरी पहिला घोट वासाचाच.

पान दुपारी दोनला छपाईला सुटतं. एक वाजता, सगळं गळ्याशी आलेलं असताना, डोहवाडीचा गुंडू भोई दारात. एरवी आठवड्याला मरळ घेऊन येतो, आज हात रिकामे. "अण्णा, डोहात मासं पालथं पडल्यात. पांढरं फट्ट दिसतंय पानी, पोटं वर करून." त्याच्याकडून नऊ ओळी उतरून घेतल्या. जागा होती सहा ओळींची. चार काढल्या. शेवटी कारण हवं म्हणून नेहमीचं वाक्य जोडलं: मासेमारीसाठी कोणी पाण्यात विष टाकल्याचा संशय व्यक्त होत आहे.

जुळारी दस्तगीरने कागद पाहिला नि म्हणाला, "ही वळ हाय की माझ्याकडं जुळवून उभी. दर बारीला लागती. शिशाचं खिळं मोडायचं कशाला?" सगळे जुळारी हसले. मीही.

१४ फेब्रुवारी
गुंडूला काल संध्याकाळी पोलिसांनी नेला.

त्याची बायको सखू साडेनऊला ऑफिसात. बसायला सांगितलं तर बसेना. "तुमच्या पेपरात आलंय, इष टाकलं म्हणून."
मी म्हटलं, अहो, त्यात नाव कुठं आहे कुणाचं?
"नाव कशाला घालाय पायजे? त्या डोहात जाळं टाकनारा दुसरा कोन हाय? सगळ्या गावाला वाचाय येतंय, अण्णा."

पान सुटेपर्यंत तीन लेख तपासले, एकातलंही काही आठवत नाही.

अडीचला पो. ठाण्यात. फौजदार नवा, पण बोलायला मोकळा.
"संशय कशावरून?" मी.
"पेपरात आलंय की साहेब. तुमच्याच."
"पेपर पोलिसांच्या माहितीवरून लिहितो एरवी."
"आमी तर तुमचं वाचून गेलतो डोहावर." आणि टेबलावर माझं कात्रण. वर शिक्का, खाली आवक क्रमांक.

गुंडूचं जाळं जप्त. त्याची काहीलही. गुळाची जुनी फुटकी काहील, डांबर लावून तो तीच नाव म्हणून वापरतो. ठाण्याच्या आवारात पालथी घातली आहे, तिच्यावर हवालदारांच्या बनियनी वाळत.

१५ फेब्रुवारी
गुंडू सुटला. दस्तगीर जामीन राहिला. मला सुचलंच नाही असं आधी लिहिलं होतं, ते खोडतो. सुचलं होतं. पेपरच्या माणसानं जामीन राहणं बरं दिसेल का, एवढा विचार करेपर्यंत हा सायकलवरून जाऊन सही करून आलासुद्धा.

गावाने गुंडूला घाट बंद केला आहे. मासे कुणी घेत नाही. सखूची पाटी काल बाजारात जशी उघडली तशीच झाकून परत. एक बाई म्हणे लांबूनच ओरडली, "इषाची पाटी आली गं."

१७ फेब्रु.
झोप तुटक. चारला उठून वही काढली, १२ तारखेची. पेन्सिलीतल्या नऊ ओळी, त्यावर माझीच लाल रेघ. काढलेल्या चार अशा:

पहाटेच्याला मासं तोंड भाईर काढून वारं पेत हुतं. हाताला घावत हुतं, पळत न्हवतं. ऊन वर आल्यावर जरा बरं वाटलं त्यास्नी. मरळ एक बी न्हाय मेली.

मी हे सजावट म्हणून काढलं. भोयाचं बोलणं, गोड आहे, पण बातमीत कशाला. तीस वर्षं हेच काम करतो: कामाचं ठेवायचं, गोड ते काढायचं.

१९ फेब्रु.
कॉलेजात गेलो. सामंतबाई प्राणिशास्त्र शिकवतात. आमच्या रविवारच्या पानाला 'आपल्या भोवतीचे जीव' लिहितात आणि दर वेळी उशिरा देतात, त्यामुळे आज मला पाहून आधीच म्हणाल्या, "शपथ, उद्या नक्की देते."
म्हटलं, लेख नको. हे वाचा.
चार ओळी वाचल्या. पुन्हा वाचल्या. "मरळ मेली नाही? एकही?"
"तसं तो म्हणतो."
"मग विष नव्हे." उठून फडताळाकडे गेल्या, तिथून पुन्हा माझ्याकडे. "मरळ वर येऊन बाहेरची हवा घेते. तिचं पाण्यातल्या हवेवाचून चालतं. बाकीच्यांना पाण्यात विरघळलेली हवा लागते. विषाने मरळही मेली असती. हे मासे गुदमरलेत." आणि मग, जरा रागाने: "आणि हे तुम्ही छापलं का नाही?"

जागा नव्हती म्हटलं. खरं होतं, तरी कानाला कसंतरीच वाटलं.

२० फेब्रु.
पहाटे पाचला सामंतबाई, मी, गुंडू. डोहवाडीच्या घाटावर जायचं नाही, म्हणून वरच्या बांधावरून उतरलो. गुंडू पुढे, चालता चालता मागे बघतो, कुणी बघत नाही ना म्हणून. आपल्याच नदीवर चोरासारखा.

बाईंनी काचेच्या बाटल्या आणल्या होत्या, बुचही काचेचं. एक बाटली बंधाऱ्याच्या खूप वर, शहराच्याही वर जाऊन भरली, एक डोहात. बुडबुडा राहू द्यायचा नाही. मग दोन औषधांचे थेंब. वरच्या बाटलीत तपकिरी साका बसला, चहाच्या गाळासारखा. डोहाच्या बाटलीत पांढरा. पांढराच राहिला. बाईंनी हलवली, उजेडात धरली, पांढराच.
"हवा असली की तपकिरी होतो," त्या म्हणाल्या.
गुंडूने बाटली हातात घेतली. "म्हंजे ह्यात वारंच न्हाय."
"नाहीच म्हणायचं."
"मी काय येगळं सांगतोय मग? येवढ्यासाठी बाटली कशाला पायजे हुती?"
बाई हसल्या. मला हसू आलं नाही. तिथेच पायाशी एक शिंगाडा मासा तोंड वर काढून होता, मिशा हलत होत्या. हात घातला तर खरंच हाती आला. सोडून दिला. कुठे जाणार होता कोण जाणे.

२१ फेब्रु.
बाईंशी परतताना झालेलं बोलणं, विसरायच्या आत. त्या मालवणकडच्या. त्यांच्याकडे पाऊस सरता सरता खोल समुद्रातलं पाणी किनाऱ्याला वर येतं, त्यात हवा नसते. खेकडे, कोळंब्या स्वतःच वाळूवर चढतात. लोक पाट्या भरतात, सण असतो जवळजवळ. आठ-दहा दिवसांत वारा फिरला की संपतं. "ते समुद्राचं स्वतःचं आहे. आम्ही लहान होतो तेव्हाही व्हायचं. पण भाऊ लिहितो, आता खाडीच्या तोंडाशी महिना महिना राहतं. गावाची घाण खाडीतच. आणि आता पाट्या भरायला काही नसतं."

मी विचारलं, आपली नदी तिकडेच जाते का?
"नाही हो. सह्याद्रीने पाठ फिरवलीय. आपलं सगळं पूर्वेला जातं, त्या समुद्रात. तिथल्या किनाऱ्यावरही कुणीतरी विचारत असेल, कुणी विष टाकलं म्हणून."

२५ फेब्रु.
सुटी. तरी ऑफिस. किल्ली मागून जुन्या बांधीव फायली काढल्या. कुसुमला सांगितलं दोन तासांत येतो, संध्याकाळ झाली.

मासे मेल्याची बातमी दर तीन-चार वर्षांनी आहे. सगळ्या पान तीन, खालचा कोपरा, कुठे भोक पडलं की भरायला. ६६ साली मे महिना, एक डोह, कारण 'कडक ऊन'. ६९ ला एप्रिल. ७२ ला मार्च, गावं तीन. तेव्हा दुष्काळ म्हणून चालून गेलं. ७५ ला मार्चची सुरुवात. यंदा १२ फेब्रु. दर वेळी तारीख अलीकडे, गाव एक-दोन जास्त. आणि ६९ पासून दर वेळी ती ओळ. विष टाकल्याचा संशय.

अक्षर, म्हणजे लिहायची ढब, माझी. सगळ्या मीच लिहिल्या आहेत. तेरा वर्षं मी एकच बातमी लिहितोय आणि मला एकदाही वाटलं नाही की ही एकच बातमी आहे.

२६ फेब्रु.
दस्तगीरला म्हटलं ती ओळ मोड. म्हणाला, "कवाच मोडली. जामीन राहिलो त्याच दिशी." खिळे केसच्या खणांत परत टाकून झाले होते.

१ मार्च
डोहापासून नदीकाठाने वर चालत गेलो, एकटा. साखर कारखान्याचा ओढा प्रथम. पाणी काळं, कोमट, वर फेस, वास मळीचा. नळाला येतो तोच; नळाचं पाणी ह्याच्याच खालून उपसतात. मनात म्हटलं, झालं. सापडला.

पण पाय थांबेनात. अजून वर शहराचा नाला मिळतो. त्यात आमच्या गल्लीचं गटार. मी ज्या नळाखाली तोंड धुतो ते पाणी.

परतताना नाल्याखालच्या बंधाऱ्यावर थांबलो. बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातलेले, पाणी तळ्यासारखं उभं, हालत नाही, वर हिरवी साय. बाईंनी सांगितलं होतं, घाण कुजायला हवा खाते, आणि पाणी वाहिलं नाही तर नवी हवा मिसळत नाही. थांबलेलं पाणी स्वतःचीच हवा खाऊन संपवतं.

बंधाऱ्यावर मेहुणा भेटला, बापू. त्याचं पाण्याचं इंजिन तिथंच. म्हटलं, बरगे चार दिवस काढले तर? 
"काढा की! आनि ऊस काय तुमच्या पेपरवर वाढवू?" मग जरा जवळ येऊन, "दाजी, गेल्या साली ह्याच उसाचं काकवीचं डबडं तुमच्या घरी पोचवलं. तवा न्हाय इचारलंसा बरगं घालून वाढलाय का काढून."
पोत्यांनी युरिया टाकतो तो. पावसात त्याचंही नदीतच जाणार.

घरी आलो तेव्हा पाय दुखत होते आणि नाव एकही हातात नव्हतं. ओढ्यापाशी एक तरी होतं.

५ मार्च
दुरुस्ती लिहिली. स्वच्छ बारा ओळी. विष नव्हते, तशी माहिती कोणीही दिली नव्हती, ते वाक्य आमचेच, दहा वर्षे छापत आलेले, पाण्यातील प्राणवायू संपल्याने मासे मेले. कारखान्याचा ओढा, शहराचा नाला, बंधाऱ्यात थांबलेलं पाणी, तिन्ही लिहिले.

मालकांनी चष्मा काढून वाचली. कारखान्याचे चेअरमन त्यांचे व्याही, हे ते कधी बोलत नाहीत, मीही नाही.
"दहा वर्षं चुकीचं छापलं असं आपण स्वतः सांगायचं?"
"हो."
"लोक म्हणतील, बाकीचं काय काय चुकीचं छापलं?"
"म्हणतील."
"प्रकरण कोर्टात आहे ना? मग कोर्ट बघेल." कागद परत. आवाज चढला नाही. त्यांचा चढत नाही, तेच कठीण.

८ मार्च
फौजदाराकडे, बाटल्यांची हकीकत घेऊन. नीट ऐकलं त्याने. मग म्हणाला, "इष न्हाय, मान्य. मग काय? कागदावर कारन लागतंय, साहेब. आनि कारनाच्या म्होरं मानूस लागतोय. गुंडूला काढला तर त्या जागी कुनाचं नाव घालू? नदीचं?"

काहील अजून पालथीच.

११ मार्च
गुंडू गेटवर. आत ये म्हटलं तर नको म्हणाला. ऊसतोडीला जातोय, बायकोसुद्धा. हातावर कोयत्याचे फोड; आयुष्यात कोयता धरला नव्हता.
"पोटाचं भागतंय. पर अण्णा, आमच्या पोरीचं लगीन ठरत हुतं. त्या पावण्यांनी निरोप धाडला, खटला मिटू द्या मग बघू."
मुलगी कोणती, वय काय, काही विचारलं नाही मी. विचारायला हवं होतं. बातमीदार असून.

२९ मार्च
गुंडूच्या खटल्यात माझी साक्ष झाली. कोर्ट लहान, पंखा बंद, मागे गावातली वीसेक माणसं.

न्यायाधीश तरुण आहेत. कात्रण हातात धरून: "'संशय व्यक्त होत आहे.' कुणाचा संशय होता हा?"
"कुणाचा नव्हता."
"मग व्यक्त कसा झाला?"
मागून कुणीतरी फिसकन हसलं.
"ते आमच्या लिहिण्याच्या सवयीचं वाक्य आहे, साहेब. कारण माहीत नसलं की घालतो. या माणसाने मला विषाचा शब्दही सांगितला नव्हता. त्याने जे सांगितलं ते मी काढून टाकलं." मग वहीतल्या चार ओळी वाचून दाखवल्या, त्याच्याच बोलीत, उच्चार न सुधारता. मागून एक म्हातारा मोठ्याने म्हणाला, "खरं हाय, पहाटेचं मासं वारंच पेत्यात आताशा." त्याला गप्प बसवलं.

बाईंचं टिपण दाखल झालं. न्यायाधीशांनी दोनदा वाचलं. "पाण्यात प्राणवायू नव्हता हे कळलं. तो कशामुळे गेला, कुणामुळे गेला, हे यात नाही." पुढची तारीख २० एप्रिल.

बाहेर गुंडूने हात जोडले, मला नाही, त्या म्हाताऱ्याला.

३० मार्च
मालकांनी बोलावलं नाही. साडेअकराला शिपाई माझ्या टेबलावरून पान तीनचा ट्रे उचलून दुसऱ्या टेबलावर ठेवून गेला. पान माझ्याकडून गेलं, तेवढंच.

नवा माणूस दहा मिनिटांनी विचारायला आला, मथळा किती ओळी ठेवू. सांगितलं.

९ एप्रिल
दस्तगीर डबा खाताना: "अण्णा, तुमी कोर्टात बोललासा त्ये आमच्या मोहल्ल्यात सगळ्यास्नी म्हाईत झालंय. पर एक म्हनतोय, पेपरवालं स्वताच म्हनत्यात आमी खोटं लिवतो."
"तू काय म्हणालास?"
"म्हटलं, जुळवनारा मीच हाय. खोट्याला बी खिळं तेवढंच लागत्यात." 
डब्यातली चटणी पुढे सरकवली. किती दिवसांनी हसलो.

१४ एप्रिल
गल्लीच्या टोकापर्यंत फिरून आलो, पुन्हा निघालो, पुन्हा आलो. कुसुम म्हणाली, "खुर्चीला काटे आहेत का?" तिला फायलींचं सांगितलं, मे, एप्रिल, मार्च, फेब्रुवारी. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "म्हणजे पुढच्या वेळी जानेवारी." मग निवडायची थांबली. "आणि त्यानंतर?"

१७ एप्रिल
मालकांनी आज बोलावलं. बहुतेक न्यायाधीशांचा प्रश्न व्याह्यांपर्यंत पोचला असावा, किंवा म्हाताऱ्याचं बोलणं. मला कळलं नाही, त्यांनी सांगितलंही नाही.
"घ्या तुमची दुरुस्ती. १९ ला, पान तीन. दोन ओळी. विष नव्हतं ही पहिली. दुसरीत मासे कशाने मेले ते. पण कुणा एकाचं नाव नको." मग मी दाराकडे वळताना: "आणि ते प्राणवायू वगैरे घालाल तर माणसं पान उलटतील. सोपं लिहा."

कदाचित चांगल्या मनाने म्हणाले. लिहिण्यातलं कळतं त्यांना.

१८ एप्रिल
सकाळी सहाला गुंडू घरी. पहिल्यांदा घरी. कुसुमने चहा दिला, त्याने वास घेतला आणि पिऊन टाकला.

दोन ओळी मिळाल्यात हे सांगितलं. मला वाटलं होतं तेवढा त्याला आनंद झाला नाही.
"इष न्हवतं ही वळ बरी हाय. गाव मानंल. पर म्होरं इचारत्यात, मग मारलं कुनी? मी म्हनतो, पान्यातलं वारं संपलं. हसत्यात. म्हनत्यात, वारं काय तुज्या बाचं हाय का, संपाय?" कप खाली ठेवला. "कोर्टात बी त्येच इचारनार परवा. तवा कुनी संपवलं त्ये त्या दुसऱ्या वळीत लिवा. मला पाठ करून म्हनाय येईल असं. लांबलचक नगं."

तो गेल्यापासून बसलो आहे. ऑफिसला जायचं आहे, अजून शर्ट घातला नाही.

कारखान्याच्या ओढ्याने पाण्यातलं वारं संपवलं. — नाव एकाचं. आणि अर्धं.
शहराच्या आणि कारखान्याच्या घाणीने. — बंधारा राहिला.
घाण सोडणाऱ्यांनी आणि पाणी अडवणाऱ्यांनी. — बापू म्हणेल मला म्हणतो. म्हणतोच आहे. मग गटाराचं? युरियाचं?
आपण सगळ्यांनी. — हे कोर्टात गुंडू म्हणाला तर न्यायाधीश विचारतील, म्हणजे तूही?

मासे गुदमरून मेले. पाण्यातले वारे — पुढे क्रियापद येत नाही. 'संपले' म्हटलं की आपोआप झालं. 'संपवले' म्हटलं की समोर माणूस उभा करावा लागतो, आणि उभा करायला गेलं की

साडेसात. दस्तगीरला ती दुसरी ओळ उद्या बाराला हवी. सात शब्द बसतात, फार तर आठ.